भंगारात निघालेली मशीन आणि शिवलेल्या कपड्याचा इतिहास

बीडीडी चाळींतल्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्यापासून आम्ही एक दृश्य पुन्हा पुन्हा पाहत आहोत. माणसे आधी बाबासाहेबांची तसबीर बाहेर काढतात, मग बुद्धमूर्ती, मग कपाट, भांडी, गाद्या. सगळे टेम्पोत चढले की व्हरांड्यात शेवटी उरते ती पायमशीन. बिडाचे जाळीदार पाय, खाली पायटा, वर घासून घासून पांढुरकी झालेली फळी. टॉवरमधल्या घरात ही ठेवायची कुठे, यावर दोन मिनिटे बोलणे होते आणि भंगारवाल्याला हाक जाते. तो किलोवर घेतो.

याच मशिनींना चोरबाजारात वेगळा भाव आहे. तिथे त्यांना काळा रंग फासून, सोनेरी नक्षीचे नवे स्टिकर चिकटवून उभे करतात. पाय आणि डोके वेगळे विकले जाते. पायांवर काच टाकली की हॉटेलातले टेबल झाले, आणि डोके दारात शोभेला. विलायतेत ऑलसेंट्स नावाच्या कपड्यांच्या कंपनीने तर आपल्या दुकानांच्या काचेमागे जुन्या शिलाई मशिनींच्या भिंतीच रचल्या. ज्या मशीनवर कुणी शिवत नाही, तिच्या आडोशाला भलतीकडे शिवून आलेला माल विकायचा!

जुन्या मशिनी जमवण्याला आमचा विरोध नाही. उलट या छंदातल्या लोकांचे आम्ही ऋणी आहोत. लंडनच्या दक्षिण भागात एका व्यापाऱ्याने शेकडो मशिनींचे संग्रहालय उभे केले आहे. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला सिंगरचा प्रचंड कारखाना होता, तिथल्या नगरपालिकेकडे मोठा संग्रह आहे. मशीनवर ठोकलेल्या क्रमांकावरून कारखाना आणि साल काढता येईल अशा याद्या हौशी लोकांनी तयार केल्या, आणि त्या याद्या नसत्या तर आम्ही अंधारातच चाचपडलो असतो. पण या संग्रहांत एक रकाना कोरा असतो. मशीन कोणी बनवली, कोणत्या साली, कोणत्या नक्षीची, हे सगळे असते. तिच्यावर बसले कोण, आणि शिवले कोणासाठी, हे नसते. आपल्या वस्त्यांतल्या मशिनींचा तर सगळा इतिहास त्या कोऱ्या रकान्यातच आहे.

आम्ही काही कार्यकर्त्यांनी मिळून भंगारात चाललेल्या सात मशिनी उचलून आणल्या आणि दुरुस्त करायला घेतल्या. त्यातल्या एकीमुळे हा लेख लिहावा लागतो आहे.

ती मशीन वरळीच्या एका आजींची. आजी ऐंशीच्या पुढे आहेत. नातवाला मशीन विकायची होती, कारण चोरबाजारातला एक दुकानदार चांगले पैसे देतो म्हणाला होता. आम्ही मध्ये पडलो तेव्हा नातू वैतागून म्हणाला, "दादा, तुम्हाला यात काय दिसतं? सगळ्यांच्याच घरी होती मशीन. यात जात कुठून आणता?" प्रश्न रास्त होता. लोखंडाला जात नसते. आजी मात्र खाटेवरून बोलल्या, "अरे, माझी पहिली चोळी दोरीवरनं शिवलेली. काखेत कायम घट्ट."

दोरी म्हणजे काय, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. आजींचे लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या महारवाड्यात गेले. गावातला शिंपी महारवाड्यातल्या बाईला टेप लावत नसे. घरच्या बाईने दोरी घेऊन छाती, दंड, उंची मोजायची, प्रत्येक मापाला गाठ मारायची आणि ती दोरी कापडासकट त्याच्या ओट्यावर ठेवून मागे सरायचे. तो गाठींवरून अंदाजाने कापायचा. कधी जुनी चोळी नमुना म्हणून ठेवावी लागे, तीही धुऊन. कपडा बिघडला तर तक्रार कुणाकडे करणार?

इथे थांबून विचार केला पाहिजे. शिंप्याचा धंदा हा माणसाच्या अंगाला हात लावण्याचा धंदा आहे. न्हावी सोडला तर गावगाड्यात दुसऱ्याच्या शरीराच्या इतके जवळ कोणी येत नव्हते. म्हणून अस्पृश्यतेने या धंद्यात टेपच्या जागी दोरी आणली. शिंपी समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. संत नामदेव शिंपीच होते, आणि मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेलेल्या चोखोबांच्या अस्थी त्यांनीच पंढरपूरला आणल्या असे परंपरा सांगते. गावातला शिंपी स्वतः गावाच्या धाकात जगत होता. पण धाक कोणाचा आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय शिलाई मशीनचा इतिहास लिहिता येत नाही.

मुळात शिवलेल्या कपड्याकडेच ब्राह्मणी धर्म संशयाने पाहत आला. सोवळ्याचे वस्त्र न शिवलेले हवे. पूजेला, श्राद्धाला बसताना सदरा उतरवायचा, धोतर-उपरणे चालते. सुई लागली की वस्त्र सोवळ्यातून गेले. याच्या शेजारी भिक्खूचे अष्टपरिष्कार ठेवून पाहा. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद, पाणी गाळायचे फडके, आणि सुई. सर्वस्व सोडून निघालेल्या माणसाजवळ ज्या मोजक्या वस्तू असाव्यात असे ठरले, त्यांत सुई आहे! महावग्गात एक प्रसंग येतो. मगधातली बांध घातलेली भाताची खाचरे पाहून भगवंतांनी आनंदाला विचारले की, या आकाराचे चीवर करता येईल का. आनंदाने कापडाचे तुकडे कापून, खाचरांसारखे जोडून चीवर तयार केले. आजही भिक्खूंच्या चीवरावर त्या शिवणी दिसतात. शिवण ही तिथे अपवित्र गोष्ट नाही, ती चीवराची ओळख आहे. वर्षावासात विहारात जाणाऱ्या आपल्या किती तरुणांनी ही शिवण निरखून पाहिली आहे?

आता बंदीहुकूम वाचा. 'जातिप्रथेचे विध्वंसन' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले आहे. त्यात बाबासाहेबांनी १९२८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलेली इंदूर जिल्ह्याची हकिगत दिली आहे. तिथल्या सवर्णांनी बलाई समाजाला जे नियम घातले, त्यांत जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये हे होते, आणि बायकांनी नक्षीदार झगे वा जाकिटे घालू नयेत हेही होते. १९३० च्या डिसेंबरात तामिळ प्रदेशातल्या रामनाद भागात कल्लर जातीच्या लोकांनी आदि द्रविडांवर आठ निर्बंध लादले. पुरुषांनी कोट, शर्ट, बनियन घालायचे नाही. कपडा गुडघ्याखाली किंवा कमरेवर जाता कामा नये. बायकांनी अंगाचा वरचा भाग झाकायचा नाही. त्याआधी शंभर वर्षे त्रावणकोरमध्ये नाडर स्त्रिया अंगावर जाकीट घालता यावे म्हणून मार खात होत्या. १८५९ साली राजाला जाहीरनामा काढून परवानगी द्यावी लागली, तीही उच्च जातीच्या बायकांसारखा पेहराव करायचा नाही या अटीवर.

जाकीट, कोट, शर्ट, बनियन, झगा. शिंप्याच्या दुकानातले दरपत्रक वाचावे तशी ही बंदीची यादी आहे. दागिने आणि पागोटी सोडली तर अंगावर जे शिवून चढवायचे, तेच नेमके नाकारलेले. म्हणून 'मशीन सगळ्यांच्याच घरी होती' हे अर्धे सत्य आहे. सदाशिव पेठेतल्या घरात मशीन आली तेव्हा काकूंचे कष्ट वाचले. आपल्या खोलीत मशीन आली तेव्हा दोरी सुटली.

१९२७ च्या २५ डिसेंबरपासून महाडला सत्याग्रह परिषद भरली. त्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले आणि त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर, अंगावरच्या कथलाच्या दागिन्यांवर बोट ठेवले, हे आपण दर वर्षी भाषणांत सांगतो. अंगावरच्या खुणांवरून जात ओळखू येते, त्या खुणा टाका, असे ते सांगणे होते. नेसण्याची पद्धत एका रात्रीत बदलता आली. लक्ष्मीबाई टिपणीसांसारख्या स्त्रियांनी ती दाखवलीही. पण अंगाला बसणारी चोळी, पोराचा शाळेचा सदरा एका रात्रीत होत नाही. त्याला माप घेणारे हात लागतात आणि मशीन लागते. ते पुढचे काम खोल्याखोल्यांतून झाले. त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

शिलाई मशीनबद्दल एक गोष्ट मात्र आपल्या देशात फार आवडीने सांगितली जाते, आणि ती सांगणारे होते गांधीजी. १९२४ साली रामचंद्रन नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले की, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का. गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिलाई मशीनचे नाव घेतले. सिंगरने आपल्या पत्नीला हाताने शिवताना दमलेले पाहिले आणि केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र शोधले, अशी ती कथा. रामचंद्रन हुशार होते. त्यांनी लगेच विचारले की, मग हे यंत्र बनवायला कारखाना लागेल, त्यात यंत्रे लागतील. गांधीजींनी कबूल केले आणि असे कारखाने सरकारच्या मालकीचे असावेत म्हणाले.

कथा गोड आहे, पण खरी नाही. आयझॅक सिंगर हा नाटकात कामे करणारा, फिरता, हुशार कारागीर होता. १८५० साली बॉस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याच कोणाच्या बिघडणाऱ्या मशिनी पाहून त्याने सुधारणा केली, १२ ऑगस्ट १८५१ ला पेटंट घेतले, आणि हे सगळे पैशासाठी केले हे त्याने कधी लपवले नाही. पत्नीप्रेमाबद्दल बोलायचे तर त्याचे एकाच वेळी अनेक संसार होते आणि मुलांची संख्या वीसच्या आसपास. प्रेमकथा जोडायचीच तर ती एलियास हाऊला जोडता येईल. टोकाला नेढे असलेली सुई आणि खालून धावणारे शटल यांच्या मदतीने दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याने १८४६ साली घेतले. तो आजारी असताना त्याची बायको लोकांचे कपडे शिवून घर चालवत होती. पुढे ती क्षयाने गेली. सिंगरने हाऊचीच कल्पना वापरली होती. हाऊने दावा लावला आणि १८५४ मध्ये सिंगरला १५,००० डॉलर मोजावे लागले.

चूक छोटी आहे, आणि गांधीजींनी ती मुद्दाम केली असे आम्ही म्हणत नाही. पण चूक कोणत्या बाजूला झुकते ते पाहा. यंत्र चांगले ठरते कधी? नवऱ्याच्या प्रेमातून, घराच्या चौकटीत, बायकोच्या हाती आले तेव्हा. त्यात बाजार नाही, मजुरी नाही, आणि जात तर नाहीच. कपडा कोणाच्या अंगावर जाणार हा प्रश्नच त्या कथेत उगवत नाही.

बाबासाहेबांनी यंत्राचा प्रश्न असा पाहिला नाही. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात गांधीवादावर जे प्रकरण आहे, ते पुन्हा काढून वाचावे. त्यांचा मुद्दा साधा होता. माणूस पशूसारखा राबण्यातून सुटला, त्याला फुरसत मिळाली, तरच तो मनाने वाढेल. आणि फुरसत यंत्रानेच मिळते. यंत्राने दुःख आणले असेल तर दोष यंत्राचा नाही, खासगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून लोकशाही समाजाने यंत्रे कमी करायची नसतात, वाढवायची असतात. यात पत्नीप्रेमाची गरज पडत नाही.

फुरसतीचा हिशेबही झालेला आहे. अमेरिकेतल्या व्हीलर अँड विल्सन कंपनीने १८६० च्या सुमारास मोजणी केली होती. एक पुरुषी शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे, मशीनवर १ तास १६ मिनिटे. ही मोजणी जाहिरातीसाठी होती, तेव्हा तीत थोडे मीठमसाला असणार. तरी तेरा तासांचा फरक अर्धा जरी खरा मानला, तरी ते तास कोणाच्या वाट्याला आले, हा आमचा प्रश्न आहे. आजींच्या बाबतीत उत्तर त्यांनीच दिले: "तास कुठले? बारा काज-बटणं झाली की पुढची बारा." मशीनने वेळ वाचवला, पण डझनावर मजुरी देणाऱ्या माणसाने तो वेळ विकत घेतला. १८३१ साली पॅरिसमध्ये शिंप्यांच्या जमावाने तिमोनिए नावाच्या शिंप्याच्याच लष्करी गणवेश शिवणाऱ्या मशिनी फोडल्या, तेव्हा त्यांना हीच भीती होती. त्यांचा राग चुकीच्या वस्तूवर निघाला एवढेच.

आणि आज? जयंती आली की कोणी ना कोणी पुढारी वस्तीत येतो आणि पाच महिलांना शिलाई मशीन वाटतो. स्टेज, हार, फोटो, 'महिला सक्षमीकरण'. आपल्या मुलींना इंजिनियरिंगची शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहाचे प्रवेश रखडतात, त्यावर तो बोलत नाही. मशीन दिली की जबाबदारी संपली! ज्या वस्तूने आमच्या आज्यांची दोरी सोडवली, तीच वस्तू आता नातींना खोलीत बसवून ठेवायला वापरली जाते आहे. जुन्या मशिनी जपताना आम्हाला त्यांची पूजा मांडायची नाही, ती याच कारणासाठी.

मशीन आपल्या खोल्यांत आली कशी, हेही लिहायला हवे. सिंगर कंपनीने १८५६ सालापासून हप्त्यावर विक्री सुरू केली. कल्पना सिंगरच्या भागीदाराची, एडवर्ड क्लार्क या वकिलाची. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोनचा कारभार बराच काळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. देशी मशीन, म्हणजे जय इंजिनियरिंगची उषा, आली ती १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर. तोवर खादीची टोपीदेखील मशीनवर शिवायची तर विलायती मशीनच लागे. आपल्या लोकांना मात्र हप्त्यानेही नवी मशीन परवडणारी नव्हती. आजींच्या सासऱ्यांनी गिरणीच्या बोनसमधून तिसऱ्या हाताची मशीन घेतली. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ माणसे होती आणि खिडकीशी ही मशीन होती.

मशीनच्या खांबाखाली पितळी पट्टी आहे. तिच्यावरची काजळी पुसल्यावर क्रमांक दिसला, आणि त्याच्या आधी इंग्रजी एफ अक्षर. एफ म्हणजे क्लाइडबँकचा कारखाना, आणि १९१० ते १९२१ यांच्या दरम्यानची घडण. म्हणजे महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहाहून जुनी. याच कारखान्यात मार्च १९११ मध्ये लाकडी भागांना पॉलिश करणाऱ्या खात्यातल्या मोजक्या स्त्रियांवर कमी पैशांत जास्त काम लादले गेले. त्यांनी काम थांबवले आणि बघता बघता सुमारे ११,००० कामगार बाहेर पडले. संप काही आठवड्यांत मोडला, पुढाऱ्यांना आणि शेकडो कामगारांना काढून टाकले गेले. आमच्यापैकी एकाने हे आजींना सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे बनवणाऱ्या बायांचेपण डझनाचेच हाल."

आता दुरुस्तीबद्दल, कारण ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी आमच्या चुका करू नयेत.

पहिल्याच मशीनवर आम्ही घाण केली. वरचा चिकट थर निघेना म्हणून थिनर लावले. थर निघाला, आणि त्याबरोबर सोनेरी नक्षीही फडक्यावर आली. जुन्या मशिनींची नक्षी लाखेच्या रोगणाखाली असते. थिनर, स्पिरिट लाखेला खाते. तेव्हा बाहेरून फक्त मशीनचे तेल आणि जुने सुती फडके, आणि भरपूर वेळ. सँडपेपरला तर हातच लावू नये. आतल्या भागांना रॉकेल चालते. रात्रभर मुरू द्यावे, मग चाक हळूहळू पुढे-मागे हलवावे, जोर करू नये. बहुतेक मशिनी मोडलेल्या नसतात, जाम झालेल्या असतात, आणि त्याचे कारण खोबरेल तेल! घरात मशीनचे तेल नसले की बाया खोबरेल टाकायच्या. ते वाळून डिंकासारखे होते. आम्ही उघडलेल्या सातपैकी पाच मशिनी खोबरेलाने बसलेल्या होत्या.

आजींची मशीन सिंगरच्या सत्तावीस क्रमांकाच्या घाटाची. तिच्यात गोल बॉबिन केस नाही. होडीसारखे लांबट शटल खाली पुढे-मागे पळते आणि त्यात लांब बारीक बॉबिन बसते. तशा बॉबिन नव्याही मिळतात. सुई आजच्या साध्या मशीनचीच लागते. चाकावरचा पट्टा चामड्याचा. हे लिहिताना राहवत नाही म्हणून सांगतो: सोवळ्याओवळ्याच्या किती घरांत हा चामडी पट्टा देवघराच्या भिंतीपलीकडे फिरत होता, आणि तो कमावणाऱ्याची सावली मात्र चालत नव्हती. त्याच सिंगरची एकोणतीस क्रमांकाची मशीन निघाली, चपला-बुटांचे वरचे भाग शिवायची, जिचा दाब चारही दिशांना वळतो. आग्र्याच्या जाटव वस्त्यांत चामड्याच्या शिलाईवर घरे उभी राहिली आणि त्याच वस्त्या पुढे आंबेडकरी चळवळीचा गड झाल्या. त्या मशिनींचा शोध तिकडच्या साथींनी घ्यावा. आम्हाला अजून एकही मिळालेली नाही.

खरा वाद झाला तो नक्षीवरून. आजींच्या मशीनवर स्फिंक्सचे चित्र आहे. आजी त्याला 'सिंहीण' म्हणतात. डाव्या बाजूची सिंहीण जवळजवळ पुसली गेली आहे. आमच्यातल्या दोघांचे म्हणणे होते की नवे स्टिकर मिळतात, लावून टाकू, मशीन प्रदर्शनात उठून दिसेल. भीमजयंतीला मांडायची तर नीट मांडू, आपण काय कमी आहोत का? या म्हणण्यामागची भावना आम्हाला कळते. आपल्याला कायम जुने, फाटके, उरलेलेच मिळाले, म्हणून आपल्या वस्तू तरी नव्या दिसाव्यात असे वाटते. तरीही आम्ही विरोध केला. ती सिंहीण पुसली गेली कारण त्या जागेवरून साठ वर्षे कापड सरकले आणि आजींची मनगटे घासली. संग्राहकाच्या लेखी तो डाग आहे, किंमत कमी करणारा. आपल्या लेखी तो पुरावा आहे. आपल्याकडे कागद नाहीत, सनदा नाहीत, वाडे नाहीत. जे आहे ते असे झिजलेले आहे, आणि तेच आपण रंगवून टाकायचे?

पुरावा म्हणजे काय, ते मशीनच्या खणात सापडले. दोन वह्या. आजी चौथी शिकलेल्या. अक्षर मोठे, पण माप काटेकोर. छाती, कंबर, दंड, गळा पुढून, गळा मागून. चाळीतल्या बायांची नावे आहेत, आणि पलीकडच्या चाळीतल्या मराठा बायांचीही आहेत. म्हणजे ज्या पोरीचे माप गावात दोरीवरून गेले, तिच्यासमोर मुंबईत सगळ्या जातींच्या बाया हात वर करून उभ्या राहिल्या आणि तिने त्यांना टेप लावला. हे कोणत्या परिषदेच्या ठरावाने झाले नाही. तिची शिलाई बरी होती आणि दर कमी होता म्हणून झाले. फार गोड चित्र रंगवायचे नाही, कारण त्याच वहीत १९७४ च्या जानेवारीची पाने कोरी आहेत. वरळीची दंगल. पॅंथर भागवत जाधव याच दिवसांत मोर्च्यात मारला गेला. त्यानंतर बरेच दिवस पलीकडच्या चाळीतले एकही नाव नाही. मग मार्च संपता संपता एक नाव येते, पुढे दुसरे. आजींना आम्ही विचारले, त्या परत आल्या तेव्हा काही बोलल्या का? "काय बोलणार? ब्लाउज टाकला आणि म्हणाली, गळा मागच्यासारखाच ठेव."

या वह्यांचे फोटो आम्ही काढून ठेवले आहेत. वह्या आजींकडेच आहेत. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी खण उघडून बघावेत, पट्टीवरचा क्रमांक उतरवून घ्यावा, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावे की तिचे पहिले माप कोणी घेतले. जमले तर मोबाईलवर आवाज भरून ठेवावा. मशीन ठेवायला जागाच नसेल तर पाय सोडून नुसते डोके ठेवले तरी चालेल. त्याला हातचाक लावता येते.

आजींची मशीन नव्या घरी गेली. नातवाने गॅलरीत जागा केली, कुरकुरत का होईना. मशीन चालते हे पाहायला आम्ही पंचशील ध्वजाचे कापड घेऊन गेलो. निळी, पिवळी, तांबडी, पांढरी, केशरी अशा पाच उभ्या पट्ट्या, आणि सहावी पट्टी या पाचही रंगांच्या आडव्या तुकड्यांची. नऊ जोड, शिवाय कडा. आमच्यातला एक जण शिवायला बसला. पायटा मारताना चाक उलटे फिरून दोरा दोनदा तुटला. सहाव्या पट्टीत त्याने पांढरा तुकडा तांबड्याच्या आधी लावला. आजींनी चष्मा चढवून पाहिले, ब्लेड मागितले, सगळी शिवण उसवली आणि तुकडे त्याच्या हातात परत दिले.